गुडघ्याची वाटी

न कळणारी गोष्ट थोर असते, असं मानणाऱ्या माणसांची आपल्याकडे कधीच टंचाई पडलेली नाही. भटजींचे मंत्र जितके भरभर आणि अगम्य, तितकी दक्षिणा अधिक. गवयाने डोळे मिटून जितका वेळ तोंड वाकडं करावं, तितकी पहिल्या रांगेतली मान जास्त डोलते. पण या पंथातले खरे पीठाधीश म्हणजे 'मराठीत सायन्स? छे हो!' असं म्हणणारे गृहस्थ. हे तुम्हाला लग्नाच्या पंगतीत भेटतात, संक्रांतीच्या तिळगुळाला भेटतात, बँकेच्या रांगेत तर हटकून भेटतात. यांच्याजवळ एकच विनोद असतो. रेल्वेच्या सिग्नलला म्हणे मराठीत 'अग्निरथ'पासून सुरू होऊन पुढच्या स्टेशनपर्यंत पोचणारा एक शब्द आहे. तो शब्द मला कुठल्या कोशात सापडलेला नाही आणि कुठल्या स्टेशनमास्तराच्या तोंडून ऐकू आलेला नाही. पण या एका शब्दावर ही मंडळी गेली तीन पिढ्या हसताहेत. एका विनोदावर तीन पिढ्या काढणाऱ्या माणसांनी भाषेच्या दारिद्र्याबद्दल बोलावं, ही मौजच आहे.

यांचं म्हणणं असं, की शास्त्रीय शब्द म्हणजे ग्रीक किंवा लॅटिन. त्याला कसं वजन असतं! 'पॅटेला' म्हटलं की कसं काहीतरी शास्त्रीय बोलल्यासारखं वाटतं. 'गुडघ्याची वाटी' म्हटलं की स्वयंपाकघरात आल्यासारखं वाटतं.

आता जरा लॅटिनच्या स्वयंपाकघरात जाऊ या. पॅटेला म्हणजे लॅटिनमध्ये काय? वाटी! छोटी, पसरट, भांड्यांच्या फळीवरची वाटी. रोमन माणसाने गुडघ्यावरचं ते हाड पाहिलं आणि त्याला जे सुचलं, तेच आमच्या आजीला सुचलं. दोघांची कधी गाठ पडली नव्हती. फरक इतकाच, की आजीच्या वाटीत आपण आमटी ओततो आणि रोमन वाटीपुढे हात जोडून उभे राहतो.

एकदा फळीला हात घातला की भांडी धडाधड खाली येतात. पेल्व्हिस म्हणजे घंगाळ. ज्या खळग्यात मांडीच्या हाडाचा गोळा बसतो त्याला डॉक्टर 'ॲसिटॅब्युलम' म्हणतात. नाव ऐकून ऑपरेशनचा खर्च डोळ्यांपुढे येतो. अर्थ आहे व्हिनेगर वाढायची वाटी. रोमन पंगतीत ती वाटी असायची, जशी आपल्याकडे चटणीची असते. गुडघ्याखाली दोन हाडं असतात, टिबिया आणि फिब्युला. टिबिया म्हणजे पावा आणि फिब्युला म्हणजे अंगावरचं वस्त्र टाचायची पिन. म्हणजे रोमन वैद्याने पाय उघडून पाहिला तेव्हा त्याला त्यात एक पावा आणि एक पिन दिसली. आपल्याकडे खाटकाला आणि मटण खाणाऱ्याला त्याच हाडात 'नळी' दिसते. पावा काय आणि नळी काय, फुंकायची वस्तू एकच. फक्त आपण ती ओढतो, तेही रश्श्यासकट.

दंड फुगवून दाखवताना जी गाठ वर येते तिला आपण बेटकुळी म्हणतो. म्हणजे बेडकी. आता 'मसल' या रुबाबदार शब्दाचं मूळ बघा. लॅटिन 'मुस्कुलुस', म्हणजे उंदराचं पिल्लू! कातडीखाली काहीतरी टुणकन हलतंय, एवढंच दोघांनी पाहिलं. त्यांना उंदीर दिसला, आपल्याला बेडूक. पोटरीच्या स्नायूचं नाव 'गॅस्ट्रॉक्नेमियस'. उच्चारताना पोटरीत गोळा यावा असं नाव, आणि ग्रीकमध्ये त्याचा अर्थ पायाचं पोट. आपल्या 'पोटरी'त तेच पोट दीड अक्षर पुढे येऊन बसलेलं आहे. डोळ्यातल्या काळ्या ठिपक्याला आपण बाहुली म्हणतो, कारण समोरच्याच्या डोळ्यात वाकून पाहिलं तर आपलंच चिमुकलं चित्र दिसतं. इंग्रज त्याला 'प्युपिल' म्हणतो. लॅटिन 'पुपिल्ला', म्हणजे लहानशी मुलगी, बाहुली. आता बोला! बाहुली आपल्याकडे भातुकलीत आणि त्यांच्याकडे मेडिकल कॉलेजात, असं का?

पाठीच्या कण्याच्या शेवटच्या टोकाला ग्रीकांनी 'कॉक्सिक्स' म्हटलं. ते हाड त्यांना कोकिळेच्या कुळातल्या एका पक्ष्याच्या चोचीसारखं दिसलं. मराठी माणसाने त्याला माकडहाड म्हटलं. डार्विनने माणसाच्या वंशावळीबद्दल पुस्तक लिहिलं १८७१ साली. आपल्याकडे जिन्यावरून घसरून माकडहाड दुखावलेल्या माणसांना ही वंशावळ तोंडपाठ होती, फक्त त्यांनी पुस्तक लिहिलं नाही. कोकिळेच्या चोचीवरून कुठल्याही शास्त्रज्ञाला काही सुचल्याचं ऐकिवात नाही.

मेंदूकडे तर जाऊच नये. आत 'हिप्पोकॅम्पस' आहे, म्हणजे समुद्रातला घोडा, आणि त्याच्या शेजारी 'अमिग्डाला' आहेत, एक उजवीकडे आणि एक डावीकडे. अमिग्डाला म्हणजे बदाम. परीक्षेच्या दिवसांत आया मुलांना रात्री भिजवलेले बदाम सकाळी सोलून देतात. त्यांना कोणीतरी सांगायला हवं, की बाई गं, दोन बदाम डोक्यात आधीच घालून पाठवलेले आहेत.

हे सगळं ऐकल्यावर मराठीत सायन्स नको म्हणणारे गृहस्थ दुसऱ्या किल्ल्यात शिरतात. 'ते असेल हो, पण ग्रीक-लॅटिन शब्द कसे काटेकोर असतात!' हा किल्ला मात्र पाडायलाच हवा, कारण तो पुठ्ठ्याचा आहे.

ऑक्सिजन घ्या. लाव्हाझिए या थोर फ्रेंच शास्त्रज्ञाने १७७७च्या सुमारास हा शब्द ग्रीकमधून घडवला. अर्थ, आंबट निर्माण करणारा. त्याची समजूत अशी, की प्रत्येक आम्लात हा वायू असतोच. १८१० साली इंग्लंडात हम्फ्री डेव्हीने दाखवून दिलं, की हायड्रोक्लोरिक आम्लात ऑक्सिजनचा मागमूससुद्धा नाही. पुढे कळलं, की आंबटपणाचा मान खरा हायड्रोजनकडे जातो. तरी नाव राहिलं ते राहिलंच. बंगाली पंडितांनी तर या चुकीचं इमानदारीने भाषांतर करून 'अम्लजान' असा शब्द केला. आपण म्हटलं 'प्राणवायू'. तो घेतला नाही तर माणूस मरतो, ही गोष्ट १७७७ सालीही खरी होती आणि आजही आहे. यात काटेकोर कोण?

ॲटम म्हणजे ग्रीकमध्ये 'जो कापता येत नाही तो'. तो १९३२ साली केंब्रिजला कॉक्रॉफ्ट आणि वॉल्टन यांनी फोडला. हिस्टेरिया हा शब्द गर्भाशयावरून आला, कारण बायका घरात जे काय बोलतात ते गर्भाशय अंगभर भटकत फिरल्यामुळे बोलतात, अशी समजूत होती. मलेरिया हा तर इटालियन शब्द आहे, लॅटिनचा नातू. अर्थ, वाईट हवा. १८९७ साली सिकंदराबादेत रोनाल्ड रॉसने डास फाडून त्यात मलेरियाचे जंतू दाखवले, तेव्हापासून हवा निर्दोष सुटलेली आहे, पण तिच्या नावावरचा डाग काही गेला नाही. आपला 'हिवताप' त्या मानाने सज्जन शब्द. हीव भरतं, ताप येतो, कारण माहीत नाही तर त्याबद्दल गप्प. आणि मेंदूच्या बुडाशी जी 'पिट्युइटरी' ग्रंथी आहे तिचं लॅटिन नाव कफावरून पडलं. मेंदूतला कफ तिच्यातून गळून नाकात उतरतो, अशी जुन्या वैद्यांची कल्पना. म्हणजे सरळ मराठीत सांगायचं तर शेंबूडग्रंथी. आमच्या पंडितांनी तिचं 'पीयूषिका' केलं. शेंबडाचं एकदम अमृत! दादरला पेल्यात मिळतं ते पीयूष मी त्यानंतर बरेच दिवस घेतलं नाही.

शब्द काटेकोर होतो तो त्याच्या मुळामुळे नव्हे. शास्त्रज्ञांनी चारचौघांत बसून 'या शब्दाचा अर्थ एवढाच' असं ठरवल्यामुळे तो काटेकोर होतो. ठरवायचंच असेल तर 'वाटी'चा अर्थही ठरवता येतो. 'टेलिव्हिजन'मधलं 'टेलि' ग्रीक आणि 'व्हिजन' लॅटिन. 'ऑटोमोबाइल'ची तीच गत. अशा मिश्रविवाहावर जुन्या पंडितांनी नाकं मुरडली, पण संच चालतो आणि गाडी धावते. आपली पावरोटी तरी काय, अर्धी पोर्तुगीज आणि अर्धी देशी. चहात बुडवली की दोन्ही अर्धी सारखीच मऊ होतात.

डॉक्टरांची गोष्ट वेगळी. त्यांचा या भाषेवर चरितार्थ आहे, आणि कोणाच्या पोटावर पाय आणावा असं मला वाटत नाही. तरी एक सांगतो. मध्यंतरी माझ्या अंगावर पित्त उठत होतं. शहरातल्या एका नामांकित त्वचारोगतज्ज्ञांकडे गेलो. त्यांना म्हटलं, 'डॉक्टर, बरेच दिवस झाले, अंगावर खाजरे चट्टे उठतात, कशाने ते कळत नाही.' त्यांनी भिंग लावून पाहिलं, दोनचार तपासण्या करून आणायला लावल्या, आणि दुसऱ्या भेटीत गंभीरपणे निदान सांगितलं, 'क्रॉनिक इडिओपॅथिक अर्टिकेरिया.' घरी येऊन शब्दकोश उघडला. क्रॉनिक, ग्रीक काळावरून, म्हणजे बरेच दिवसांचं. अर्टिकेरिया, लॅटिनमध्ये अंगाला खाज आणणारं एक झाड आहे, त्यावरून. आणि इडिओपॅथिक म्हणजे ज्याचं दुखणं त्याचं त्याला, आपलं आपणच झालेलं, कशाने ते कळत नाही. मी मराठीत जे वाक्य त्यांना फुकट दिलं होतं, तेच त्यांनी मला ग्रीक आणि लॅटिनमध्ये विकत दिलं!

सगळ्याच दुखण्यांत हा व्यवहार चालतो. मुलाचा गाल सुजला की आई म्हणते गालगुंड, डॉक्टर म्हणतो पॅरोटायटिस, म्हणजे कानाशेजारची सूज. सूज कानाशेजारी आहे हे आईला दिसत होतंच. डोक्याला चाई पडली की तिला 'अलोपेशिया' म्हणतात, म्हणजे कोल्ह्याची लूत. हे कळल्यावर आमचे एक टक्कल पडत चाललेले स्नेही चाईवरच समाधान मानून राहिले आहेत. उलट आपल्या जुन्या वैद्यांनी 'मधुमेह' म्हटलं, लघवीला मुंग्या लागतात हे पाहून म्हटलं. युरोपात 'डायबेटिस'ला मधाचं ते 'मेलिटस' शेपूट जोडलं गेलं सतराव्या-अठराव्या शतकात. मोतीबिंदूला त्यांनी 'कॅटरॅक्ट' केलं, म्हणजे धबधबा. डोळ्यात वरून काहीतरी ओघळत येतं, अशी समजूत. म्हाताऱ्या माणसाच्या डोळ्यात ज्याला मोती दिसला तो कवी की ज्याला धबधबा दिसला तो, हे तुम्हीच ठरवा.

आणि ही भाषा कुठल्या परग्रहावरूनही आलेली नाही. १७८६ साली कलकत्त्याला विल्यम जोन्स या न्यायाधीशसाहेबांनी सांगून ठेवलंय, की संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन एकाच घराण्यातल्या. म्हणजे मावसबहिणीच! 'ऑस्टिओ' म्हणजे अस्थी. 'कार्डिओ'चं आणि हृदयाचं मूळ एक. दात दाखवून 'डेंटल' म्हणावं तर दंत पुढे येतोच. लॅटिनमध्ये गुडघा म्हणजे 'जेनु', आपला जानु. 'ऑक्टोपस' हा समुद्रातला भयंकर प्राणी म्हणजे शब्दशः अष्टपाद. 'व्हायरस' म्हणजे लॅटिनमध्ये विष, आणि तो शब्दसुद्धा आपल्या विषाचा सख्खा भाऊ. त्यामुळे 'विषाणू' हा शब्द ऐकून ज्यांना हसू येतं त्यांनी 'व्हायरस' ऐकूनही तितकंच हसावं. नाहीतर दोन्ही वेळा गप्प राहावं.

२०२० साली तर या वादाची परीक्षाच झाली. आकाशातून ग्रीक आणि लॅटिन कोसळत होतं. कोरोना, म्हणजे मुकुट. पॅनडेमिक, म्हणजे सगळ्या लोकांचं. क्वारंटाइन हे व्हेनिसच्या बंदरातलं, बाहेरून आलेली जहाजं चाळीस दिवस दूर उभी करायचे त्यावरून. आपल्याकडे चाळिशी म्हटलं की माणूस फक्त चष्मा लावतो. पण त्याच वेळी सरकारी पत्रकातून 'विलगीकरण' हा शब्द आला. तोंडात घोळणारा, चांगला जाडजूड शब्द. पंधरा दिवसांत आमचा दूधवाला सांगायला लागला, 'चारशे दोनवाले गृहविलगीकरणात आहेत, पिशवी दाराला लावलीये.' त्याला कोणी कोश दिला नव्हता. गरज पडली आणि अर्थ समोर दिसला की शब्द अंगवळणी पडतो. सावरकरांनी 'महापौर' सुचवला तेव्हाही हसणारे होतेच. आज महापौर होण्यासाठी काय काय करतात, हसायला वेळ कुणाला आहे?

जर्मनांकडे बघा. ते ऑक्सिजनला 'झाउअरश्टोफ' म्हणतात, आंबट पदार्थ. हायड्रोजनला 'वासरश्टोफ', पाणी-पदार्थ. (यात गोठ्यातल्या वासराचा संबंध नाही. तो संबंध 'व्हॅक्सिन'मध्ये आहे, लॅटिन 'व्हाक्का' म्हणजे गाय.) नायट्रोजनला ते गुदमरवणारा पदार्थ म्हणतात. सगळेच शब्द त्यांनी घरचे केले असं नाही, पण शाळेत रोज लागणारे केले. शाळेत असा आंबट पदार्थ शिकलेल्या एमिल फिशरला १९०२ साली रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. त्याच्या आधीच्या वर्षी, म्हणजे या विषयातलं अगदी पहिलं नोबेल मिळालं फान्ट हॉफ यांना. ते डच, आणि डच भाषेत केमिस्ट्रीला 'वेगळं करण्याची विद्या' अशा अर्थाचा घरगुती शब्द आहे. स्टॉकहोमच्या मंडळींनी 'आधी ग्रीक नाव लावून या' असं सांगून त्यांना परत पाठवल्याची नोंद नाही.

आता थोडं आमच्या बाजूच्या पंडितांशी. तुम्ही हसू नका, तुमचाही हिशोब आहे. घरात 'वाटी', 'बेटकुळी', 'पोटरी', 'नडगी', 'माकडहाड' असे खणखणीत शब्द पडलेले असताना तुम्ही मुलांपुढे 'जत्रुक' आणि 'अवटू' टाकलेत. थायरॉइडमध्ये ग्रीकांनी ढाल पाहिली होती. 'अवटू'मध्ये मराठी मुलाला काय दिसतं? मला तर वाटू आणि चटणीच दिसते. ग्रीकांच्या जागी संस्कृत बसवलं म्हणजे शब्द मराठी झाला, असं समजणं म्हणजे भाडेकरू बदलून घर आपलं झालं असं समजण्यासारखं आहे. ज्यांनी कानातल्या तीन हाडांना हातोडा, ऐरण आणि रिकीब म्हटलं, त्यांना मात्र माझा नमस्कार. मूळ लॅटिन नावांचाही तोच अर्थ आहे, आणि रिकिबीत पाय न घातलेल्या मुलालाही लोहाराचं दुकान तरी माहीत असतं.

यात भरडली जातात ती मुलं. आमच्या खालच्या मजल्यावर एक मुलगी आहे. दहावीपर्यंत मराठी शाळेत, विज्ञानात पहिली. अकरावीला विज्ञान शाखेत गेली आणि दिवाळीच्या आत म्हणायला लागली, 'काका, सायन्स माझ्याच्याने होत नाही.' रोज संध्याकाळी गॅलरीत फेऱ्या घालत 'टिबिया, फिब्युला, पॅटेला' असा परवचा म्हणायची. परवचासुद्धा बरा, त्यात निदान दोनाचे चार होतात. तिला सायन्स येत नव्हतं असं मुळीच नाही. कुठला स्नायू आखडला की कुठलं हाड हलतं, ते तिने मला हाताने करून दाखवलं. तिला नावं येत नव्हती, कारण ती नावं नसून मंत्र आहेत असं तिला वाटत होतं. कॉलेजात कोणीही, एकदाही, तिला सांगितलं नव्हतं की पॅटेला म्हणजे वाटी. मी सांगितलं. त्यावर ती आधी खूप हसली आणि मग चिडली. म्हणाली, 'मग हे पुस्तकात का नाही लिहीत?'

तिचा राग मी जसाच्या तसा पाठ्यपुस्तकवाल्यांकडे पाठवतो. इंग्रजी नाव ठेवा, बापडं जगभर चालतं, माझी हरकत नाही. पण त्याच्या शेजारी कंसात अर्थ छापा, 'वाटी', 'पावा', 'घंगाळ', 'उंदराचं पिल्लू'. पहिल्या पानावर 'आयटिस म्हणजे सूज, ऑस्टिओ म्हणजे हाड, हेमो म्हणजे रक्त, डर्मा म्हणजे कातडी' अशी वीसपंचवीस तुकड्यांची यादी द्या. चावीचा जुडगा हातात आला की मूल कुठलीही खोली उघडून आत जातं. जागा नाही म्हणाल, तर प्रस्तावनेत समितीच्या सदस्यांचे आभार मानायला जेवढी जागा लागते तेवढीच मला द्या. अर्थ छापल्याने शास्त्राची अब्रू जाईल अशी भीती असेल, तर आठवण करून देतो, की पेनिसिलिनने लाखो लोक वाचवले आणि त्याचं नाव रंगाऱ्याच्या कुंचल्यावरून पडलं आहे. बुरशी तशी दिसते म्हणून. कुंचला म्हटल्याने ते औषध कमी लागू पडलेलं नाही.

हरकत मला एकाच शब्दाची आहे. लग्नाच्या स्वागतसमारंभात व्यासपीठावर हल्ली जी जांभळी महागडी फुलं लावतात, त्या ऑर्किडच्या ग्रीक नावाचा अर्थ शाळेच्या पुस्तकात छापू नये. ते नाव त्या झाडाच्या जमिनीतल्या कंदांच्या आकारावरून पडलेलं आहे, कंद दोन असतात, आणि याहून अधिक मी सांगणार नाही, कारण वधूपित्याने हजारो रुपये आधीच मोजलेले असतात.